घडीची शिडी

शिडी ही मोठी विचित्र वस्तू आहे. दिवसातून तिचे काम पाच-दहा मिनिटांचे. उरलेला सारा वेळ ती घरात अडगळ होऊन राहते. लांब असेल तरच ती उपयोगाची, आणि लांब असते म्हणूनच ती अडचणीची. तेव्हा काम पडेल तेव्हा लांब व्हावी आणि काम सरताच आखूड व्हावी, अशी शिडी माणसाला हवी असते. ही इच्छा साधी दिसली तरी ती पुरी करताना सुताराला आणि लोहाराला बरीच बुद्धी खर्चावी लागलेली आहे. ती बुद्धी कोणती, आणि ती कोठे चुकली असता माणसाच्या हातापायांवर बेतते, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

शहरातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात हा प्रश्न जागेचा असतो. पण त्याचे सगळे स्वरूप एकत्र पाहावयाचे तर पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणसारखे गाव डोळ्यांपुढे आणावे. कुडपण बुद्रुक आणि कुडपण खुर्द ही गावे सह्याद्रीच्या ऐन कुशीत वसलेली. एका अंगाला कडे, दुसऱ्या अंगाला दरी, आणि पावसाळ्यात धुवाधार पाऊस. अशा डोंगरगावांतल्या जुन्या घरांत माळा असतो. धान्य, पेंढा, जळाऊ लाकूड पावसाच्या ओलीपासून राखावयाचे ते माळ्यावर. मृगापूर्वी कौले चाळावयाची तर छपरावर चढणे आले, आणि विहिरीतला गाळ काढावयाचा तर खाली उतरणे आले. म्हणजे घर, छप्पर आणि विहीर या तिन्ही ठिकाणी शिडीवाचून चालत नाही. आणि ती न्यावयाची असते पायवाटेने.

आमच्या डोंगरी मुलखाला शिडी काही नवी नव्हे. ‘निसण’ हा तिच्यासाठी जुना शब्द आहे, आणि सह्याद्रीतल्या काही घाटवाटा ‘निसणीची वाट’ याच नावाने ओळखल्या जातात. गुंडाळून नेता येईल अशा शिडीची आठवण तर याच तालुक्यात जागती आहे. उमरठ येथे तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. १६७० च्या फेब्रुवारीत त्यांनी कोंढाणा घेतला, ती हकीकत लोक घोरपडीसह सांगतात. सभासदाच्या बखरीत मात्र घोरपड नाही. तीत आधी दोघे मावळे कडा चढून जातात, आणि मग वरून माळ लावली जाते. माळ म्हणजे दोराची शिडी. पाठीवर वाहून नेता येते, कड्याखाली आवाज न करता उलगडता येते, आणि काम होताच पुन्हा गुंडाळता येते. मात्र तिची अट एकच : ती लावण्यासाठी कोणीतरी आधी वर पोहोचलेला असावा लागतो. लाकडी शिडी खालून टेकून उभी राहते. दोराची शिडी वरून टांगावी लागते. शिडीच्या साऱ्या प्रकारांत हा पहिला आणि मूळचा भेद आहे.

आता घडीच्या लाकडी अथवा धातूच्या शिडीकडे वळू. तिचे मुख्य प्रकार तीन. पहिला घोडा. दोन शिड्या माथ्याशी बिजागरीने जोडलेल्या. पाय फाकले की स्वतःच्या बळावर उभी, मिटले की एका शिडीच्या जाडीची. रंगारी आणि विजेचे कारागीर यांच्यामुळे हा सर्वांच्या परिचयाचा आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन येथील जॉन बाल्स्ली नावाच्या सुताराने अशा मिटणाऱ्या शिडीचे पेटंट १८६२ साली घेतले. दुसरा प्रकार मधोमध दुमडणाऱ्या शिडीचा. तिसरा मोठा गमतीचा आहे : मिटली की काठी, उघडली की शिडी. त्यात दोन्ही उभ्या दांड्यांना आतून खाचा असतात, आणि पायऱ्या दोन्ही टोकांना खिळीवर फिरत्या बसवलेल्या असतात. एक दांडा वर सरकवला की सर्व पायऱ्या एकदम तिरप्या होऊन खाचांत लपतात. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या श्रीमंतांच्या ग्रंथालयांतून अशा शिड्या असत. सपाट फरशीवर ती उत्तम; पण अंगणाच्या उंचसखल जमिनीवर एक दांडा टेकला आणि दुसरा अधांतरी राहिला, तर ती आपण होऊन मिटू लागते. म्हणून ती कुडपणच्या कामाची नव्हे.

घोड्याचे पाहू. त्याच्यावर भार पडताच दोन्ही पाय एकमेकांपासून दूर पळू पाहतात. त्यांना धरून ठेवते ती मधली दोरी, साखळी किंवा पट्टी. ही दोरी कोठे बांधावी, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. समजा, घोडा ६ फूट उंच आहे, त्याचे पाय एकमेकांपासून ३ फुटांवर आहेत, फरशी गुळगुळीत आहे, आणि माथ्यावर ६० किलोचा भार आहे. दोरी जमिनीपासून १ फुटावर, म्हणजे माथ्यापासून ५ फुटांवर बांधली, तर तिच्यावर सुमारे ९ किलोचा ताण येतो. ती मध्यावर बांधली तर १५ किलोचा. आणि पायात अडकू नये म्हणून कोणी ती माथ्याखाली फुटावर बांधली, तर ताण ४५ किलोवर जातो. माणूस तोच, घोडा तोच. पण दोरी वर सरकवताच तिच्यावरचे ओझे पाचपट झाले. त्यात ती दोरी दोन पावसाळे खाल्लेली असेल, तर पुढे काय होईल हे सांगावयास नको. दोरी पायात येते हे खरे. म्हणूनच मध्यावर लोखंडी पट्टी बसवण्याचा मध्यम मार्ग कारागिरांनी काढलेला आहे. त्याहून वर मात्र जाऊ नये.

मधोमध दुमडणारी शिडी याहून अवघड. भिंतीला टेकवलेली शिडी चढणाऱ्याच्या भाराने मध्यावर भिंतीकडे लवते. वेळूची अखंड शिडी हा लवलेपणा सहज सोसते. पण मध्यावर बिजागरी घातली की आपण शिडीचा सर्वांत कमजोर बिंदू नेमका सर्वांत जास्त ताणाच्या जागी आणून ठेवतो. हिशेबाने पाहावे. शिडी १२ फूट उंचीवर टेकली आहे, बूड भिंतीपासून ३ फुटांवर आहे, आणि ६० किलोचा माणूस ऐन मध्यावर उभा आहे. अशा वेळी वरचे टोक भिंतीला सुमारे साडेसात किलोच्या जोराने दाबते. हा आकडा किरकोळ वाटतो. पण तोच जोर सांध्यापासून ६ फूट उंचीवर, म्हणजे लांब तरफेच्या टोकाशी आहे, आणि त्याला तोलून धरणारी बिजागरीची खिळी व तिच्यासमोरचा अडसर यांच्यात अंतर असते जेमतेम दोन इंचांचे. सहा फूट म्हणजे ७२ इंच. दोन इंचांच्या ३६ पट. तेव्हा सांध्यावर येणारा जोर साडेसातच्या ३६ पट, म्हणजे २७० किलो होतो. दोन दांड्यांत वाटला तरी प्रत्येकी १३५ किलो. साठ किलोच्या माणसाने हा जोर निर्माण केलेला असतो! बूड ३ फुटांऐवजी ६ फुटांवर नेले, तर तो सरळ दुप्पट होतो. म्हणूनच उंचीच्या चौथ्या हिश्शाइतके बूड दूर ठेवावे, हा नियम जगभर पाळतात. १२ फुटांना ३ फूट. बूड त्याहून जवळ आणले तर शिडी मागे उलटण्याचे भय, आणि दूर नेले तर ती घसरण्याचे व सांधा तुटण्याचे भय.

मग ही बिजागरी बसवावी कोणत्या अंगाला? या एका प्रश्नात घडीच्या शिडीचे सारे मर्म आहे. शिडी भिंतीकडे लवते तेव्हा तिचे भिंतीकडचे अंग ताणले जाते, आणि चढणाऱ्याकडचे अंग दाबले जाते. बिजागरी चढणाऱ्याच्या अंगाला असेल, तर भार पडताच मागच्या अंगाला सांधा उघडू लागतो, आणि माणसाचा जीव एका छोट्या कडीवर टांगला जातो. तीच बिजागरी भिंतीकडच्या अंगाला बसवली, तर भाराने पुढच्या अंगाची दोन्ही लाकडे एकमेकांवर घट्ट दाबली जातात. म्हणजे जो भार शिडी मोडू पाहतो, तोच तिला सरळ ठेवतो. आपला गुडघा याच तत्त्वावर चालतो : तो एकाच दिशेने दुमडतो, आणि त्याला सरळ करून उभे राहिलो की आपलेच वजन त्याला जागच्या जागी ठेवते. अशा शिडीला कडी लावावी ती उचलताना किंवा हलवताना सांधा दुमडू नये म्हणून. तिच्या भरवशावर चढण्यासाठी नव्हे. मात्र या युक्तीत एक धोका लपलेला आहे. हीच शिडी उलटी, म्हणजे पाठ पुढे करून लावली, तर सारे गणित फिरते. म्हणून चढावयाच्या अंगाला रंगाचा ठळक पट्टा ओढून ठेवावा. घरातल्या न वाचता येणाऱ्या माणसालाही तो कळतो.

सामानाचा विचारही गावाच्या हवेप्रमाणे करावा लागतो. लोखंडाच्या मानाने ॲल्युमिनियम सुमारे एक तृतीयांश वजनाचे. डोंगरवाटेने वाहून नेण्यास ते सोयीचे. पण त्यातून वीज वाहते. छपरावर जोडणीच्या तारा असतात, तेथे लाकूड किंवा वेळू बरा, आणि तोही कोरडा. कोकणच्या पावसात लोखंडी बिजागरी एका मोसमात गंजते, आणि गंजलेली खिळी बाहेरून जाड दिसली तरी आतून झिजलेली असते. पितळी बिजागरी महाग पडते. पण शिडीत पैसा खर्चावयाचा तो याच जागी. तिचे स्क्रूही आखूड नसावेत. वर सांगितलेला शंभरावर किलोचा ताण खिळी एकटी घेत नाही, तो स्क्रूंवरही येतो. लाकडाच्या आरपार जाणारे बोल्ट घातले तर उत्तम.

हा विषय केवळ कौले चाळण्यापुरता नाही. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातल्या तळिये येथे आणि पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे व साखर-सुतारवाडी येथे दरडी कोसळून माणसे गेली; आंबेनळी घाटाचा रस्ताही बंद पडला. रस्ता बंद झाला की बाहेरची यंत्रे येईपर्यंत गावाला गावच्याच हातांनी काम करावे लागते. मोडक्या भिंतीवरून वर चढणे, खाली उतरणे, आणि जखमी माणसाला रुग्णवाहिकेपर्यंत वाहून नेणे, ही तिन्ही कामे अशा वेळी एकदम येतात. पूर्वी दोन वेळू आणि एक घोंगडी यांची डोली करीत. आजही रस्ता नसेल तेथे तीच करावी लागते. आडवी शिडी घोंगडी अंथरून डोलीसारखी वापरता येते, ही गोष्ट फार उपयोगाची आहे. परंतु घडीच्या शिडीचा असा वापर करताना हिशेब विसरू नये. १२ फुटांची शिडी दोन टोकांवर आडवी धरली आणि मध्यावर एक माणूस उभा राहिला, तर सांध्यावरचा जोर टेकलेल्या शिडीच्या सुमारे चौपट होतो. माणूस तिच्यावर लांब निजलेला असेल, तर भार पसरल्यामुळे तो काहीसा कमी, म्हणजे सुमारे तिप्पट राहतो. म्हणून घडीच्या शिडीवर जखमी माणसाला निजवावे, बिजागरीचे अंग खाली ठेवावे, आणि टोकांखेरीज मध्यावरही दोघांनी खांदा द्यावा. तिचा ओढ्यावरचा साकव मात्र कधीही करू नये. त्या कामास अखंड वेळूच हवा.

यावरून गावाने काय करावे, ते उघड आहे. घरातल्या कामास घोडा, त्याची पट्टी मध्यावर किंवा खाली. छपरास वेळूची अखंड निसण. आणि गावच्या सामाईक जागी, चावडीत किंवा शाळेच्या पडवीत, एक मजबूत दुमडती शिडी आणि एक दोराची माळ, दोन्ही कोरड्या जागी टांगलेल्या. मृगापूर्वी जशी कौले चाळतात, तद्वत् या दोन्ही वस्तू उलगडून पाहाव्या : खिळी हलते का, स्क्रू ढिला आहे का, दोराचा पीळ सुटला आहे का. यास अर्धा तास पुरतो. घडीच्या वस्तूचा गुण हा की ती नजरेआड राहते, आणि दोषही तोच. नजरेआड राहिलेल्या वस्तूचा गंज कोणाला दिसत नाही. तो दिसतो तो पाय पायरीवर पडल्यानंतर.