पाच मिनिटांची मजुरी

जळगावचं गोलाणी मार्केट असो की धुळ्याचा आग्रा रोड, संगणकाची रॅम वाढवायची म्हटलं की दुकानात ठरलेलं उत्तर मिळतं : पाच मिनिटांचं काम. त्याच पाच मिनिटांवर बोट ठेवून गिऱ्हाईक मजुरीत घासाघीस करतं. रॅमच्या स्टिकची किंमत मुकाट्याने मोजणारा माणूस ती बसवणाऱ्याला पैसे देताना का-कू करतो, हे चूक आहे. पाच मिनिटं हातांना पुरतात हे खरं. पण खानदेशात ते हात कसे चालवायचे हे इथली हवा, इथली धूळ आणि इथली वीज ओळखूनच ठरवावं लागतं.

मशीन बंद करायचं, वायर काढायची, पॉवरचं बटण दाबून उरलीसुरली वीज घालवायची, कॅबिनेटचा पत्रा उघडून ब्लोअर मारायचा. रॅमची खाच स्लॉटमधल्या उंचवट्यावर आणून दोन्ही टोकं अंगठ्यांनी दाबायची, कट्ट वाजलं की बसली. डीडीआर३ला २४० पिना, डीडीआर४ला २८८ आणि खाचही वेगळ्या जागी, त्यामुळे जोर केल्याशिवाय चुकीची स्टिक बसत नाही. या सगळ्यात लक्ष खिळतं ते एका बारीक हालचालीवर. जाणता कारागीर स्टिक उचलण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावतो. एप्रिल-मेमध्ये खानदेशातली हवा इतकी कोरडी असते की टेरिकॉटचा शर्ट नि प्लास्टिकची खुर्ची एकमेकांवर घासली तरी अंगावर हजारो व्होल्टचा भार साचतो. साधारण ३००० व्होल्टच्या खालची ठिणगी माणसाला जाणवतही नाही. नाजूक चिपला मात्र शंभरेक व्होल्टही घातक ठरू शकतात. पत्र्याला हात लावला की शरीर आणि मशीन एका पातळीवर येतात. या हालचालीला एक सेकंदही लागत नाही, आणि ती करणारा माणूसच मजुरीला पात्र आहे.

वायर लावूनच ठेवावी, म्हणजे अर्थिंग मिळतं, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. अर्थिंग धड असेल तिथे तो पटण्याजोगा आहे. पण जुन्या बांधकामात तिसरं भोक बोर्डावर दिसतं आणि मागे तार कुठेच जोडलेली नसते. अशा ठिकाणी मशीनच्या पॉवर सप्लायमधल्या (एसएमपीएस) फिल्टरमुळे पत्र्यावर २३० व्होल्टच्या साधारण निम्म्याइतका दाब तरंगत राहतो. हात लावला की मुंग्या येतात त्या याच. म्हणून इथे वायर काढणंच बरं. धुळीचंही तसंच. कापसाच्या जिनिंगमधल्या वजनकाट्यावरचं मशीन असेल, तर स्लॉटमध्ये कापसाची तूस अडकलेली असते. ती न काढता रॅम दाबली तर पिना नीट टेकत नाहीत, मशीन बीप देत राहतं आणि दोष नव्या मालावर जातो. जुन्या स्टिकच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासायची रीत सर्रास आहे. तिने काम होतं, पण मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा उरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं अधिक चांगलं.

यावर कुणी म्हणेल, वर्षानुवर्षं नुसत्या हातांनी रॅम टाकतात, कुठे काय बिघडतं? बिघडतं, पण त्याच क्षणी दिसेलच असं नाही. अर्धवट दुखावलेली चिप काही महिन्यांनी निळा पडदा दाखवते, तेव्हा त्या पाच मिनिटांची आठवण कुणालाच नसते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : जुन्या मशीनवर खर्च कशाला? त्याचं उत्तर टास्क मॅनेजरमध्ये आहे. नेहमीचं काम चालू असताना मेमरी भरून वाहत असेल, तर ४ जीबीची ८ जीबी केल्याने ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या केंद्रावरचं मशीन आणखी काही वर्षं चालतं. हार्ड डिस्कच शंभर टक्क्यांवर अडकली असेल, तर आधी एसएसडी घ्यावी. हे तोंडावर सांगून रॅमची विक्री सोडणारा दुकानदार खरा विश्वासाचा. शिवाय एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा पुरवठा ओढून घेतल्यामुळे २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव कडाडले, म्हणजे निष्काळजी हात आता पूर्वीपेक्षा महाग पडतो.

तेव्हा रॅम टाकायला गेलात, तर कारागिराला घाई करू नका. बसवून झाल्यावर मेमरी टेस्ट लावायला सांगा, मग ती तासभर चालली तरी थांबा, आणि मागितलेली मजुरी पूर्ण द्या.