टीव्ही निवडताना: आधी खोली, मग पडदा

टीव्ही घेण्यापूर्वी सोफ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजा. पडद्याचा आकार कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात. फोर-के टीव्हीसाठी बसण्याचे अंतर या मापाच्या साधारण दीडपट ठेवावे. म्हणजे ४३ इंचांसाठी सुमारे साडेपाच फूट, तर ५५ इंचांसाठी सुमारे सात फूट. घरात मुख्यतः केबलवरचे साधे, एचडी नसलेले चॅनेल लागत असतील, तर आणखी मागे बसावे. मोठ्या पडद्यावर जवळून ते चित्र अस्पष्ट दिसते.

‘एलईडी’ टीव्ही म्हणजे मुळात एलसीडी पडदा आणि त्यामागे एलईडीचे दिवे. ‘क्यूएलईडी’चे तत्त्वही तेच, फक्त रंग अधिक शुद्ध करणारा सूक्ष्मकणांचा थर त्यात असतो. ‘ओएलईडी’मध्ये मात्र प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि विझतो, त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो. अंधाऱ्या खोलीत सिनेमा पाहणाऱ्यांना तो मनापासून आवडेल. पण दिवसभर एकच बातम्यांचा चॅनेल चालू राहत असेल, तर चॅनेलच्या बोधचिन्हाचा कायमचा डाग पडद्यावर उमटू शकतो. अशा घराला, तसेच भरपूर ऊन येणाऱ्या दिवाणखान्याला, चांगला एलईडी किंवा क्यूएलईडीच योग्य.

दुकानातल्या झगमगाटावर निर्णय घेऊ नका. तिथे रंग मुद्दाम भडक ठेवलेले असतात. चित्र बाजूने पाहा, आवाज ऐका, एचडीएमआयच्या जागा मोजा. आणि गावात दुरुस्तीची सोय आहे का, हे पैसे देण्याआधी नक्की विचारा.