वर्ध्याची कुपी, पिंपरीचे किण्वनपात्र

२०२१ च्या मे महिन्यात, करोनातून वाचलेल्या रुग्णांच्या नाकाडोळ्यांत काळ्या बुरशीने ठाण मांडले असता आणि अँफोटेरिसिन-बी या औषधासाठी त्यांचे आप्त गावोगाव वणवण करीत असता, वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कारखान्याने सरकारी परवाना मिळवून त्याच्या इमल्शनच्या कुप्या तयार केल्या. बाजारात सुमारे ७,००० रुपयांना विकली जाणारी कुपी १,२०० रुपयांत देण्याची तजवीज जाहीर झाली, ही गोष्ट जिल्ह्याच्या दप्तरी आदराने नोंदली जावी अशीच आहे.

परंतु कुपीतले ते पिवळे द्रव्य मुळात कोणी घडविले, याचा माग काढू गेल्यास आपण व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिस नोडोसस या सूक्ष्म जीवापाशी येऊन पोचतो. १९५० च्या दशकात स्क्विब कंपनीच्या संशोधकांनी त्याच्यापासून हे औषध वेगळे केले. त्याचा रेणू इतका जटिल, की रसायनांच्या जुळणीने तो मुबलक निर्माण करणे परवडत नाही. म्हणून पोलादी किण्वनपात्रात शर्करा, सोयाबीनचे पीठ आदींचे निर्जंतुक मिश्रण भरून, त्यात शुद्ध हवा सोडीत आणि ते अखंड घुसळीत, या जीवाची कित्येक दिवस निगुतीने जोपासना करावी लागते. औषध घडविणारी त्याची जनुके गुणसूत्रावर एकमेकांस लागून वसलेली आहेत. ती उलगडल्यावर त्यांत नेमका बदल करून, ‘बी’बरोबर नको असता उपजणारे ‘ए’ हे भावंड रोखण्याचे आणि कमी विषारी रूपे घडविण्याचे प्रयोगही झाले.

ही विद्या महाराष्ट्राला परकी नव्हती. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली पिंपरीस स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलीन तर झालेच, पण डॉ. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीचेच नाव धारण करणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिनापासून हॅमायसिन हे, अँफोटेरिसिनच्याच कुळातले, बुरशीनाशक शोधून काढले. तीच संस्था पुढे आजारी उद्योगांत गणली गेली, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

कुपी भरणे हे मोलाचे काम खरे, पण जीव राखणे आणि सुधारणे हे त्याहून मूलगामी होय. ज्या वर्धा जिल्ह्यात सोयाबीन शेताशेतांत पिकते आणि सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून उभे आहे, तेथे सार्वजनिक मालकीचे एक किण्वनकेंद्र उभारण्यास सरकारने मंजुरी द्यावी, आणि त्याची मागणी विदर्भातील वैद्य, शेतकरी व विज्ञानाचे अध्यापक यांनी पुढील साथीची वाट न पाहता आजच करावी.