वायुभाराची दैनिक व वार्षिक आवर्तने: फूरिये-विश्लेषणाचा अर्थ

सूर्य दिवसातून एकदाच उगवतो. तथापि उष्ण कटिबंधात वायुभारमापकातील पारा दिवसातून दोनदा चढतो. स्थानिक वेळेनुसार सकाळी व रात्री दहाच्या सुमारास वायुभार अधिक असतो, तर पहाटे व दुपारी चारच्या सुमारास तो कमी असतो. ही चढउतार काही मिलिबारांचीच असते. मुंबईत हिवाळा व जुलै ह्यांच्या सरासरी वायुभारात सुमारे 10 मिलिबारांचे अंतर पडते. वर्षाच्या ह्या मोठ्या लाटेवर दिवसाची लहान लाट स्वार झालेली असते.

अशा मिश्र नोंदींचे पृथक्करण करण्याची रीत फूरियेच्या 1822 मधील उष्णताविषयक ग्रंथामुळे रूढ झाली. आवर्ती वक्र कसाही असला, तरी तो 24, 12, 8 तास अशा क्रमाने लहान होत जाणाऱ्या आवर्तकालांच्या साध्या लहरींची बेरीज म्हणून मांडता येतो. परंतु अशा रीतीने हाती आलेली प्रत्येक लहर निसर्गातील स्वतंत्र घटना असते काय?

मुंबईचा पाऊस पाहावा. तो मुख्यतः जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडतो. त्याच्या विश्लेषणात सहामाही व चौमाही लहरी निघतातच. पण वर्षातून दोनदा वा तीनदा येणारा पावसाळा कोणी पाहिलेला नाही. वक्राचा आकार साध्या लहरीसारखा नाही, एवढेच त्या सांगतात. शब्दाची अक्षरे सुटी करता येतात म्हणून प्रत्येक अक्षर सार्थ ठरत नाही, तसाच हा प्रकार होय.

वायुभाराच्या 12 तासांच्या लहरीचे मात्र तसे नाही. 24 तासांची लहर जमीन, समुद्र व ढग ह्यांप्रमाणे स्थळोस्थळी बदलते. 12 तासांची लहर जमिनीवर व भरसमुद्रात जवळजवळ त्याच स्थानिक वेळी शिखर गाठते. तिचे मूळ उंचावरील ओझोन व खालच्या थरांतील बाष्प ह्यांनी शोषलेल्या सूर्यप्रकाशात आहे. मौज अशी की, ही उष्णताही दिवसातून एकदाच मिळते. तिच्या वक्रातील 12 तासांचा अंश पावसाच्या सहामाही लहरीइतकाच गणिती म्हणावा लागेल. परंतु वातावरण त्या अंशाला जोमाने प्रतिसाद देते, आणि 24 तासांच्या अंशाचा बराचसा भाग उंचावरून जमिनीपर्यंत पोचूच शकत नाही. म्हणून लहरीचा अर्थ केवळ आकड्यांतून निघत नाही. तिला प्रतिसाद देणारी व्यवस्थाही जाणावी लागते.

दुसरी अडचण वेधांच्या वेळांची. चंद्रामुळेही हवेत भरती येते. तिचा आवर्तकाल 12 तास 25 मिनिटे. लाप्लासने पॅरिस येथील 1815 ते 1823 ह्या काळातील नोंदींत तिचा शोध घेतला आणि नोंदी अपुऱ्या असल्याचा निष्कर्ष काढला. पुढे 1918 मध्ये चॅपमनने ग्रिनिच येथील 64 वर्षांच्या ताशी नोंदींतून फक्त वायुभार शांत असलेले दिवस निवडले, तेव्हा मिलिबारच्या जेमतेम शंभराव्या हिश्शाएवढी ही लहर हाती लागली.

रोज एकाच ठराविक वेळी वेध घेतल्यास सूर्याची 12 तासांची लहर सरासरीत मुरून अदृश्य होते. चंद्राची लहर नाहीशी होत नाही. ती सुमारे 14.77 दिवसांच्या, म्हणजे जवळजवळ एका पक्षाच्या, आवर्तनाचे सोंग घेते. असे आवर्तन पाहून कोणी त्याचे पाक्षिक कारण शोधू लागल्यास तो भलत्याच वाटेला लागेल.

उपग्रहांच्या वेधांतही हाच धोका आहे. प्रत्येक स्थळावरून ठराविक सौर वेळीच जाणाऱ्या उपग्रहाला सूर्याची सागरी भरती गोठल्यासारखी दिसते. म्हणूनच 1992 मध्ये सोडलेल्या टोपेक्स/पोसायडॉनची कक्षा सौर वेळेशी जखडलेली ठेवली नव्हती. सुमारे दहा दिवसांनी त्याच स्थळी परतणाऱ्या ह्या उपग्रहाच्या नोंदींत चंद्राची मुख्य भरती सुमारे 62 दिवसांची व सूर्याची सुमारे 59 दिवसांची होऊन उमटते, आणि ती दोन एकमेकींपासून विलग करण्यास सुमारे तीन वर्षांच्या नोंदी लागतात.