सत्तरी पार केली? मग आधी आधारवरचे वय तपासा

मंगळवारी, २९ ऑक्टोबर २०२४ला, धन्वंतरी जयंतीच्या दिवशी आयुष्मान भारत योजनेतला सर्वात मोठा पात्रताबदल लागू झाला. ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार मोफत मिळतात. उत्पन्न किती, रेशनकार्ड कोणत्या रंगाचे, घर पक्के की झोपडी, यातले काहीही विचारले जात नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने ११ सप्टेंबर २०२४ला या निर्णयाला मंजुरी दिली होती. सरकारच्या अंदाजानुसार देशातले सुमारे ६ कोटी ज्येष्ठ यात येतात.

अट एकच, वय. आणि वयाचा पुरावाही एकच, आधार.

गंमत म्हणजे त्याच्या आदल्याच गुरुवारी, २४ ऑक्टोबर २०२४ला, सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात भरपाईच्या खटल्यात वय ठरवण्यासाठी आधार हा योग्य कागद नाही, असे म्हटले. मृत व्यक्तीच्या आधारवर १ जानेवारी १९६९ अशी जन्मतारीख होती, तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्ष होते १९७०. न्यायालयाने शाळेचा दाखला ग्राह्य धरला. भविष्य निर्वाह निधी संघटनेने तर जानेवारी २०२४मध्येच जन्मतारखेच्या पुराव्यांमधून आधार वगळले. आरोग्य योजनेत मात्र आधारवर जे वर्ष असेल, त्यावरच कार्ड निघणार की नाही हे ठरते.

ज्यांच्याकडे जन्मदाखला आहे, त्यांनी आधारही बहुधा त्यावरूनच काढलेले असते. त्यांना या विसंगतीचा फटका सहसा बसत नाही. प्रश्न आहे तो जन्माची नोंदच नसलेल्यांचा. त्यासाठी फार लांब जायला नको, गोरेगावच्या आरे कॉलनीत डोकावले तरी पुरे.

पाड्यांवरचा जन्म, नोंद कुठे?

आरेत २७ आदिवासी पाडे आहेत. केल्टीपाडा, खांबाचा पाडा, जीवाचा पाडा, मरोशी पाडा ही त्यातली काही नावे. वारली, मल्हार कोळी, कोकणा, काtकरी अशा समाजांची ही वस्ती दूध वसाहत उभी राहण्याच्या आधीपासूनची आहे. वसाहतीची स्थापना १९४९ची.

२०२४मध्ये ७० पूर्ण असलेल्या माणसाचा जन्म १९५४ किंवा त्याआधीचा. मुंबई महापालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली ती १९५७ मध्ये. म्हणजे आरेतल्या पाड्यावर त्या काळात जन्मलेले मूल महापालिकेच्या हद्दीबाहेर जन्मले. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा आला १९६९ मध्ये. बाळंतपण घरात, शाळेचा पत्ता नाही, अशा वेळी तारीख कोण लिहून ठेवणार?

पुढे आधारची नोंदणी सुरू झाली, तेव्हा अशा माणसांनी अंदाजाने सांगितलेले वय यंत्रात गेले. म्हणूनच गावोगावच्या अनेक ज्येष्ठांच्या कार्डावर १ जानेवारी ही तारीख दिसते, किंवा नुसते वर्ष असते. तेव्हा त्यावर काही अवलंबून नव्हते. आता आहे.

समजा, २०२४मध्ये पाड्यावरच्या एका आजीचे खरे वय ७२ होते, पण आधारवर जन्मवर्ष १९५७ पडले होते. नव्या योजनेच्या हिशोबाने त्या ६७ वर्षांच्या ठरल्या. कार्डासाठी आणखी तीन वर्षे थांबा! उलटेही होऊ शकते. तेव्हा ६६ वर्षांच्या असलेल्या आजोबांच्या आधारवर १९५३ असेल, तर त्यांना २९ ऑक्टोबरनंतर कार्ड मिळून गेले असेल.

चूक दुरुस्त करता येते, पण दार अरुंद आहे. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते. त्यासाठी जन्मदाखला, पासपोर्ट, बोर्डाची गुणपत्रिका यांसारखा कागद लागतो. ज्याच्याकडे यातले काही असते, त्याची तारीख बहुधा मुळात चुकलेलीच नसते. आरेत दुग्धविकास विभागात नोकरी करून निवृत्त झालेल्यांना इथे एक आधार आहे. त्यांच्या पेन्शनच्या कागदांवर जन्मतारीख असते. आधार केंद्रावर जाताना ते कागद सोबत ठेवावेत.

मग आतापर्यंत पात्र कोण होते?

आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ला सुरू झाली तेव्हा लाभार्थी निवडले गेले २०११च्या सामाजिक-आर्थिक जात गणनेच्या यादीतून. देशभरातली सुमारे १०.७४ कोटी कुटुंबे. नाव यादीत असेल तर आत, नसेल तर बाहेर. नव्याने अर्ज करण्याची सोय नव्हती.

या यादीचे निकष ग्रामीण भागासाठी वेगळे आणि शहरासाठी वेगळे होते, आणि आरेच्या दृष्टीने हा भाग महत्त्वाचा आहे. ग्रामीण भागात अनुसूचित जाती-जमातीचे कुटुंब असणे हा स्वतंत्र निकष होता. आदिम जमातींचा तर थेट समावेश होता. शहरात मात्र जमात पाहिलीच गेली नाही. तिथे कामाचे ११ गट होते : घरकाम, फेरीवाले, बांधकाम मजूर, सफाई कामगार, वाहनचालक, दुकानातले कामगार, कचरावेचक वगैरे. आरे मुंबईत, म्हणजे शहरात. त्यामुळे पालघरमधल्या वारली कुटुंबाला जो निकष लागू झाला, तो आरेतल्या वारली कुटुंबाला लागू झाला नाही. पाड्यावर भाजीपाला पिकवणारे, रानातले विकून गुजराण करणारे कुटुंब त्या ११ गटांत कुठे बसवायचे, हे नोंद घेणाऱ्यावर सोडलेले होते.

महाराष्ट्रात ही उणीव काही प्रमाणात राज्याच्या योजनेने भरून काढली. २०१२मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पहिल्या टप्प्यातल्या आठ जिल्ह्यांत मुंबई उपनगरही होते. २०१७पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. इथली किल्ली होती रेशनकार्ड. पिवळे, अंत्योदय, अन्नपूर्णा किंवा केशरी कार्ड असेल तर वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार मिळत. पांढऱ्या कार्डाला, विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांतले शेतकरी सोडले तर, जागा नव्हती.

ती भिंतही २०२४मध्ये पडली. जून २०२३मध्ये राज्य मंत्रिमंडळाने योजना सर्व नागरिकांना खुली करण्याचा आणि संरक्षण ५ लाखांवर नेण्याचा निर्णय घेतला. प्रत्यक्ष अंमलबजावणी १ जुलै २०२४पासून सुरू झाली. उपचारांची संख्या १,३५६ झाली. पांढरे कार्डही चालते, आणि रेशनकार्ड नसेल तर अधिवास प्रमाणपत्र चालते. ही बातमी तेव्हा निवडणुकीच्या धामधुमीत अनेकांपर्यंत पोहोचलीच नव्हती.

याचा आरेतल्या आजींसाठी अर्थ असा : आधारवर वय ६७ दिसत असले, तरी त्या उपचारांविना राहत नाहीत. ७०च्या वरचे नवे कार्ड मिळणार नाही, पण रेशनकार्डावर राज्याच्या योजनेतून उपचार होऊ शकतात. रुग्णालयाच्या खिडकीवर 'आयुष्मान नाही' एवढेच ऐकून परत फिरू नये. तिथे आरोग्यमित्र नावाचा योजनेचा कर्मचारी असतो, त्याला फुले योजनेबद्दल थेट विचारावे. खरी अडचण आहे ती रेशनकार्डही नसलेल्यांची. अधिवास प्रमाणपत्राला राज्यात १५ वर्षे राहिल्याचा पुरावा लागतो. जमीन सरकारी आणि घर कागदावर नाही, अशा ठिकाणी तो जमवणे सोपे नसते. तेव्हा आजारपणाची वाट न पाहता ते काम आधीच करून ठेवलेले बरे.

तबेल्यातल्या कामगाराचे काय?

आरेतल्या गोठ्यांवर उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेले अनेक जण काम करतात. त्यांचे रेशनकार्ड गावी असते, त्यामुळे राज्याच्या योजनेत ते सहसा बसत नाहीत. मात्र गावाकडे निघालेले आयुष्मान कार्ड मुंबईतल्या संलग्न रुग्णालयातही चालते. ७०च्या वरच्यांचे नवे कार्डही असेच देशभर चालते. २०२४मध्ये अपवाद होता दिल्ली, पश्चिम बंगाल आणि ओडिशाचा, ही राज्ये तेव्हा योजनेत नव्हती.

नव्या कार्डात नेमके किती?

ज्यांचे कुटुंब आधीच आयुष्मान यादीत आहे, त्यांच्या घरातल्या ७०च्या वरच्या व्यक्तींना फक्त त्यांच्यासाठी वर्षाला आणखी ५ लाख मिळतात. त्यात घरातल्या तरुणांचा वाटा नाही. बाकीच्यांना ५ लाख मिळतात, पण ते कुटुंबाला धरून. आजी-आजोबा दोघेही सत्तरीपार असतील तर रक्कम दोघांत मिळून आहे, प्रत्येकी नाही. केंद्र सरकारी आरोग्य योजना किंवा माजी सैनिकांची योजना असलेल्यांना दोन्हींपैकी एक निवडावी लागते. खासगी विमा किंवा राज्य कामगार विमा असेल तर दोन्ही ठेवता येतात. जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात.

एक गोष्ट जाहिरातींत लहान अक्षरांत असते, ती इथे मोठ्याने सांगायला हवी. ही योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. रक्तदाब, मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या आणि बाह्यरुग्ण विभागातली तपासणी यात येत नाही. ज्येष्ठांचा महिन्याचा खर्च प्रामुख्याने हाच असतो.

आधीचे आयुष्मान कार्ड असले तरी ७०च्या वरच्यांना वेगळे नवे कार्ड घ्यावे लागते. आयुष्मान ॲपवर घरातला कोणीही नातेवाईक ही नोंदणी करू शकतो. आधारशी जोडलेला मोबाइल जवळ असेल तर ओटीपी येतो. नसेल तर बोटांचे ठसे, डोळे किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवता येते. कष्टाच्या कामाने बोटांच्या रेषा झिजलेल्यांनी चेहऱ्याचा पर्याय आधी वापरून पाहावा. शंका असल्यास आयुष्मानसाठी १४५५५ आणि राज्याच्या फुले योजनेसाठी १५५३८८ हे क्रमांक आहेत.