संगणकातील रस्ता: एक की अनेक?

संगणकवाल्यांच्या तोंडी ‘बस’ हा शब्द आला की आपली एस. टी. मनात आणू नका. मूळ मात्र दोहोंचे एकच: लॅटिनमधील ‘ऑम्निबस’, म्हणजे ‘सर्वांसाठी’. संगणकात बस म्हणजे हिशेब करणारा प्रोसेसर आणि माहितीचे कोठार असलेली स्मृती यांना जोडणारा तारांचा सामाईक रस्ता.

प्रोसेसर एकच असेल तर तंटा नाही. काम लवकर उरकावे म्हणून अनेक जोडले की पंचाईत होते, कारण या रस्त्यावर एका वेळी एकाचीच ये-जा चालते. कांद्याच्या हंगामात सोलापूरच्या मार्केट यार्डाकडे लागलेली गाड्यांची रांग आपण पाहिली असेल. आत हमाल दुप्पट केले, पण आत शिरायची वाट एकच ठेवली, तर माल लवकर उतरेल का? हिशेबच मांडू या. शिक्षकबंधूंनी तो फळ्यावर घ्यावा. प्रत्येक प्रोसेसरला पाव वेळ रस्ता लागत असेल, तर चौघांतच तो भरला. पाचवा आला की खोळंबा ठरलेला. आता प्रत्येकाच्या हाताशी ‘कॅश’ नावाची छोटी साठवण दिली आणि दहांपैकी नऊ मागण्या तिथेच भागल्या, तर हीच मर्यादा फार तर ४० वर जाईल. पण एकाने आकडा बदलला की दुसऱ्याच्या कॅशमधला जुना आकडा रद्द व्हायला हवा. इथे सामाईक रस्ता उपयोगी पडतो. गावातल्या दवंडीसारखे, बसवरचे बोलणे सर्वांनाच ऐकू जाते.

म्हणून थोड्या प्रोसेसरांना बस सोपी आणि स्वस्त. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने १९८६ साली केलेल्या ‘फ्लोसॉल्व्हर’मध्ये ४ प्रोसेसर बसनेच जोडलेले होते.

पुण्याच्या सी-डॅकपुढचा पेच मोठा होता. अमेरिकेचा महासंगणक हवा तसा मिळेना, तेव्हा आपला आपण करावा म्हणून १९८८ मध्ये ही संस्था निघाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. त्यात ‘ट्रान्सप्युटर’ नावाचे ६४ ब्रिटिश प्रोसेसर होते. ते सगळे एका बसवर घातले असते, तर बरेचसे रांगेतच ताटकळले असते. म्हणून प्रत्येकाला स्वतःची स्मृती मिळाली, आणि ट्रान्सप्युटरला मुळातच असलेल्या ४ दुव्यांनी तो इतरांशी जोडला गेला. एका रस्त्याऐवजी पायवाटांचे जाळेच म्हणा ना!

याचा भार पडला तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर. काम कसे वाटायचे, कोणी कोणाला निरोप केव्हा धाडायचा, हे त्यानेच ठरवायचे. दवंडी गेली आणि पत्रव्यवहार आला. चार-सहा प्रोसेसरांसाठी हा खटाटोप करू नये, असे माझे मत आहे. हवामानाच्या गणितात मात्र तो परवडतो. नकाशाचे चौकोन पाडून एकेक चौकोन एकेका प्रोसेसरला दिला, की त्याला दर पायरीला खबर लागते ती बहुतेक शेजारच्या चौकोनांचीच.