नाशिकची घरे आणि रात्रीचा गारवा

समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर वसलेल्या नाशिकमध्ये एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास गेला, तरी हवा कोरडी असल्यामुळे सूर्यास्तानंतर ती लवकर निवते. हा गारवा घरात शिरतो की दारातूनच परततो, हे मात्र घराच्या बांधणीवर ठरते.

सराफ बाजार, तिवंधा, भद्रकाली या जुन्या नाशकातील वाड्यांनी तो आत घेतला होता. दगड-विटांच्या जाड भिंती दिवसाचे ऊन पोटात साठवीत आणि ते खोलीत झिरपेपर्यंत रात्र होई. भिंतीच्या या गुणाला उष्णताधारकता म्हणतात. रात्री थंड, जड झालेली हवा आकाशाला उघड्या चौकात उतरून ओसरीवाटे माजघरात पसरे. (माजघरात भरदुपारी दिवा लावावा लागे, हेही खरेच.) आजच्या इमारतींतील अरुंद डक्ट हा या चौकाचाच दूरचा वारस, पण त्यात वातानुकूलन यंत्रांची बाहेरची पेटी बसली की तो गरम हवेचे धुराडे होतो.

नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर असल्याने २० मेच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. त्यामुळे दक्षिणेची भिंत जवळजवळ सुटते आणि सारा मारा गच्चीवर व दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर होतो. तापलेली स्लॅब संध्याकाळनंतर खाली उष्णता सोडते, म्हणून वरच्या मजल्यावरील रहिवासी गच्चीवर पाणी मारतात. पाण्याची टंचाई असलेल्या महिन्यांत त्यापेक्षा पांढरा चुना किंवा चायना मोझॅक शहाणपणाचा, कारण त्यावरून ऊन परावर्तित होते.

इमारती दाटल्या की भिंतीसमोर आकाशाऐवजी दुसरी तापलेली भिंत येते आणि उष्णता सोडायला जागा उरत नाही. शहर भोवतालच्या शिवारापेक्षा रात्री अधिक उष्ण राहते, हे हवामान-अभ्यासक ल्यूक हॉवर्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच लंडनमध्ये नोंदले होते. त्यालाच आज नागरी उष्णबेट म्हणतात. भारतात २०१८ च्या ‘इको निवास संहिता’ या ऊर्जाबचतीच्या नियमावलीने निवासी इमारतीच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला, छत वगळून, दर चौरस मीटरला १५ वॉटची मर्यादा सुचवली आहे.

नाशिकची खरी अडचण पश्चिमेला आहे, कारण उन्हाळ्यातला वाराही मुख्यतः तिकडूनच येतो आणि दुपारचे ऊनही. खोल सज्जा किंवा गॅलरी ऊन अडवून वारा आत सोडते, पण चार फूट जागा वाढावी म्हणून तीच गॅलरी सरकत्या काचांनी बंद करण्याची रीत घरोघरी पडली आहे.